डाव्या कुशीवर

"हात न्हाई लावायचा," गयाची आई म्हणाली आणि लेकीच्या पोटावरची चादर तिनं गळ्यापर्यंत ओढली.

"मावशी, माझी परीक्षा आहे."

"आसंल. पर बाप्यानं पोटाला हात लावला म्हनून कळलं तर जावई नांदवायचा न्हाई हिला. येखादी बाई धाडा."

"बाई कुठून आणू? चिठ्ठीत मलाच ही खाट आली."

"मंग नाडी बघा की. नाडीला कोन न्हाई म्हनतंय?"

नाडीला कुणीच नाही म्हणत नसे. तीच तर माझी रड होती.

आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या बाळंतपणाच्या वॉर्डात एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण मागच्या बॅचकडून पुढच्या बॅचकडं आपोआप यायची. पोट तपासायचं मुलींनी. मुलांनी नाडी बघायची, रक्तदाब मोजायचा आणि मुली सांगतील ते केसपेपरवर उतरवायचं. बाया लाजायच्या, नवरे दारात आवाज चढवायचे, सिस्टरांना कटकट नको असायची. आणि खरं सांगायचं तर आम्हा मुलांनाही ते सोयीचंच होतं. परीक्षा मात्र सगळ्यांची एकच. तिथं मुलग्यालाही बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं, हे दाखवावं लागे. त्याला आम्ही 'ग्रिप' म्हणायचो. वसतिगृहात उशीच्या अभ्र्यात नारळ कोंबून आम्ही त्या ग्रिप शिकलो होतो. नारळ म्हणजे डोकं.

लेखी परीक्षेत मी वर्गात वरच्या चार-पाचांत असायचो. प्रॅक्टिकलला दोनदा आपटलो होतो. पहिल्या खेपेला मी ज्याला डोकं म्हणालो ते बाळाचे कुल्ले निघाले. दुसऱ्या खेपेला माझा हात इतका थरथरला की ती बाईच रडायला लागली आणि मी हात काढून घेतला. माझ्याबरोबरच्या मुली पहिल्याच फटक्यात पास झाल्या होत्या. त्यांच्यातलीच रेखा कासलीवाल आता याच वॉर्डात हाउसमन होती, आणि परीक्षेसाठी पेशंट निवडून खाटांवर झोपवण्याचं काम तिच्याकडं होतं. मी परीक्षार्थी, ती डॉक्टर. सकाळी ती माझ्याकडं बघून हसली तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. मला प्रवेश मिळाल्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकलं होतं. विश्वंभर म्हणून हाक मारायची सोडून 'डाक्टर' म्हणायला लागले. गावही त्यांच्यामागून तेच म्हणायला लागलं. सुट्टीत घरी गेलो की लोक दुखणी घेऊन ओट्यावर येऊन बसायचे, आणि दोनदा नापास झालेला मी त्यांना जिभा बाहेर काढायला सांगायचो. त्या दिवशी वडिलांची संध्याकाळची गाडी आमच्याच गावाहून येऊन इथल्या स्टँडवर लागणार होती. निकाल ऐकायला त्यांनी ती ड्यूटी मागून घेतली होती. आणि मी मनाशी ठरवलं होतं, या खेपेला नापास झालो तर स्टँडवर जायचं नाही, घरीही जायचं नाही. मग कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. त्या न ठरवलेल्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

"बरं, नाडी तर नाडी," मी म्हणालो आणि गयाचं मनगट धरलं.

गया असेल विशीची. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, माहेरी आलेली. सकाळपासून इतर परीक्षेच्या बायांसारखी तीही उताणी पडून होती. परीक्षक आले की पोट समोर तयार पाहिजे, म्हणून कुणी कूस बदलली की सिस्टर ओरडायच्या. मी विचारलेल्या प्रश्नांना तिची आईच उत्तरं देत होती. गया नुसती जांभया देत होती.

"झोप झाली नाही का?" मी विचारलं.

"मळमळतंया," ती पुटपुटली.

जानेवारी होता, पंखे बंद होते, आणि तरी तिचं मनगट घामानं ओलं होतं. नाडी बघायला मला पुस्तक लागत नसे. सगळी वर्षं दुसरं केलं काय होतं? ही नाडी मला आवडली नाही. बारीक झाली होती आणि नुसती पळत होती.

"मावशी, हात नाही लावत. पण ही नळी लावू? बाळाचे ठोके ऐकतो."

माझ्या हातात फीटोस्कोप होता, अ‍ॅल्युमिनियमचा, लहान तुतारीसारखा. एक तोंड पोटावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला.

"नळी चालंल. तुमचा हात मागं ठिवा."

मी एक हात शाळकरी पोरासारखा पाठीमागं घेतला. दुसऱ्या हातात गयाचं मनगट होतंच. पातळावरूनच नळी टेकवली, वाकलो आणि कान लावला.

ठोके लागले. पण सावकाश. पोटातल्या बाळाचं काळीज आईपेक्षा कितीतरी भरभर चालतं, मिनिटाला एकशेचाळीसच्या आसपास. हे ठोके ऐंशी भरत होते.

आधी मला शंका आली ती माझ्याच कानांची. कारण आमच्या विषयात नवशिक्याची सगळ्यांत नामांकित चूक हीच. बाळ समजून आईचीच नाडी ऐकायची आणि ऐंशी सांगायचे. परीक्षक यावर वर्षानुवर्षं हसत आलेले. मी नळी उचलून जरा बाजूला लावली. तेच. मग माझ्या लक्षात आलं की आईची नाडी तर माझ्या बोटांखाली आहे, आणि ती पळते आहे. कानात एक चाललं होतं, बोटांखाली दुसरं. बोटांखालचं धावत होतं आणि कानातलं रेंगाळत होतं. सगळं उलटं.

"आई, अंधारी येतीया गं," गया म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, हिला डाव्या कुशीवर करा. लवकर!"

"पर त्या शिष्टर म्हनल्या—"

"सिस्टर गेल्या खड्ड्यात! मी हात लावत नाही, तुम्हीच करा. करा ना, मावशी!"

माझा आवाज कसा निघाला कुणास ठाऊक, पण ती बाई एका झटक्यात उठली आणि तिनं लेकीला कुशीवर वळवलं. मी मनगट सोडलं नाही. हळूहळू नाडी भरत आली, तिची धाव कमी झाली. मी गुडघ्यावर बसून पुन्हा कान लावला. आतले ठोके वाढत होते. शंभर, मग त्याच्याही वर, आणि मग ते तसे दुडक्या चालीनं धावायला लागले जसे धावायला पाहिजेत. मला त्या नळीवरून कान काढवेना.

गयानं डोळे उघडले. "आता बरं वाटतंया. मगाधरनं जीव जात हुता. पुन्हा उतानं नका करू, डाक्टर."

"नाही करणार," मी म्हणालो. तेव्हा ते बोलणं सोपं होतं.

आणि घंटा वाजली.

परीक्षक दोघं होते. बाहेरून आलेल्या लोणकर मॅडम, आणि आमचे बिडवे सर. मॅडमचं नाव आम्ही ऐकून होतो. निष्णात बाई, पण सकाळपासून मुलांना ऐकून ऐकून त्यांचा पारा चढलेला दिसत होता. बिडवे सर मऊ मनाचे. मला या खेपेला पार करायचंच असं ते ठरवून आले होते, आणि ते त्यांनी कॉरिडॉरमध्ये मला सांगितलंही होतं.

मी गयाची हकीकत सांगितली. नाव, वय, कितवा महिना, सूज, रक्तदाब. सगळं घडाघडा.

"बाळाचे ठोके?" मॅडमनी विचारलं.

त्यांच्या पाठीमागून बिडवे सरांनी बोटं वर केली. आधी एक, मग चार, मग मूठ. एकशेचाळीस.

तेवढं म्हणालो असतो तर ते खोटंही नव्हतं. त्या क्षणाला ठोके तेवढेच पडत होते. पण मग आम्ही पुढं जाणार, या खाटेवर पुढचा परीक्षार्थी येणार, आणि गया पुन्हा उताणी होणार.

"आत्ता एकशेचाळीस आहेत, मॅडम. मघाशी ऐंशी होते."

बिडवे सरांनी डोळे मिटून घेतले.

"ऐंशी!" मॅडम म्हणाल्या. "वा. सकाळपासून तीन मुलांनी मला आईची नाडी बाळाची म्हणून ऐकवली. तू चौथा."

"मॅडम, आईची नाडी माझ्या हातात होती. ती खूप जलद होती. उताणी झोपल्यामुळं पोटाचा सगळा भार मोठ्या शिरेवर येतो, रक्तदाब उतरतो, आणि—"

"पान पाठ आहे, दिसतंय. मुलग्यांचं हेच. लेखीत पहिले, आणि खाटेजवळ आणलं की हात खिशात." त्यांनी माझ्या हातातून फीटोस्कोप घेतला, गयाच्या पोटावर टेकवला आणि ऐकलं. "व्यवस्थित एकशेचाळीस. नाचता येईना अंगण वाकडं."

"मी तिला कुशीवर केलं म्हणून सुधारले, मॅडम."

"असं? मग कर उताणी. ग्रिप दाखव मला, आणि त्या पाच मिनिटांत तुझे ऐंशीही ऐकव. ऐकवलेस तर इथंच पास करते. बिडवे साक्षीला आहेत."

'उताणी' हा शब्द गयाला कळला. तिनं माझ्याकडं बघितलं. खाटेची कड घट्ट धरली.

वडिलांची गाडी मला डोळ्यांसमोर दिसत होती. पाच मिनिटं तर प्रश्न. पाच मिनिटांनी काही मरत नाही कुणी. पुस्तकही बहुतेक तसंच म्हणालं असतं.

"मी तिला उताणं करणार नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"नाही करणार, मॅडम."

"टेकाळे!" बिडवे सर पुढं आले. "वेड लागलं का तुला? तिसरी खेप आहे तुझी. मॅडम, जरा घाबरलाय तो. अरे, कर ना बाबा सरळ तिला, लाव हात एकदा आणि मोकळा हो!"

"सर, तिला त्रास होतो."

"तिला त्रास होतो, की तुला ग्रिप येत नाहीत?" मॅडमनी विचारलं.

दोन्ही खरं होतं. नाही म्हणाल्याबरोबर माझ्या आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं, की चला, आता त्या ग्रिप दाखवायला नकोत. त्याची मला इतकी लाज वाटली की मी खाली बघत राहिलो. मॅडमना तेच उत्तर वाटलं.

"पुढचा विद्यार्थी पाठवा. डॉक्टर कासलीवाल, पेशंट सरळ करून ठेवा."

संपलं. एवढ्यात संपलं. मी जायला हवं होतं, पण माझी बोटं गयाच्या मनगटावरच होती. रेखानं तिच्या खांद्याला धरून तिला उताणं केलं. गयाची आई "आवं नका करू, आवं नका हो" म्हणत राहिली, आणि तिचं ऐकायची तिथं कुणाला सवय नव्हती.

"विश्वंभर, सोड तिचा हात," रेखा हळू आवाजात म्हणाली. "जा आता. तमाशा नको."

"नाही सोडत."

"सोड ना. मॅडम बघतायत."

"बघू देत. नापास तर झालोच आहे, आता काय फासावर देतील?"

मी मोठ्यानं बोलत होतो. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. बिडवे सर "टेकाळे, बाहेर," म्हणाले, मग पुन्हा म्हणाले. मी नाडीवर होतो. आधी काहीच झालं नाही. ती शांत चालत होती, आणि मला वाटायला लागलं की मॅडमचंच खरं, मी भीतीपोटी काहीतरी भलतंच ऐकलं असणार. मग ती बारीक झाली. मग धावायला लागली.

"रेखा, पळाली. पळाली बघ. ऐक तू! तुझे कान चांगले आहेत ना? माझे नाहीत, मला काही येत नाही, कबूल. तू ऐक!"

मी जवळजवळ रडतच होतो. माझ्या तोंडाकडं बघून असेल किंवा मला गप्प करायला असेल, रेखानं फीटोस्कोप उचलला. वाकली. घड्याळावर नजर ठेवून ऐकत राहिली. तिची मान हलली नाही, पण कानशिलाजवळचा तिचा रंग गेलेला मला दिसला. तिनं कुणाला विचारलं नाही. नळी खाटेवर टाकली आणि दोन्ही हातांनी गयाला डाव्या कुशीवर ओढलं.

"ऐंशीसुद्धा नाहीत, मॅडम."

लोणकर मॅडम पुढच्या खाटेवरून आल्या. त्यांनी स्वतः कान लावला, आणि एक हात माझ्या हाताशेजारी, गयाच्या त्याच मनगटावर ठेवला. बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. ठोके चढताना त्यांनी ऐकले असणार, कारण उठल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"ऑक्सिजन लावा हिला. सलाईन चालू करा. ही केस परीक्षेतून काढा." मग त्या वॉर्डाकडं वळल्या. "आणि सगळ्यांना कुशीवर करा. सगळ्यांना. परीक्षक आल्याशिवाय कुणालाही उताणं झोपवायचं नाही."

वॉर्डभर खाटा करकरल्या. सकाळपासून छताकडं बघत पडलेल्या बाया एकेक करून वळल्या. त्यांच्यातली एक मोठ्यानं "हुश्श" म्हणाली.

बुडत्याला काडीचा आधार. मी हात पुसून मॅडमसमोर उभा राहिलो. आता त्या मघाचा पास करण्याचा शब्द पाळतील, एवढंच माझ्या मनात होतं. बिडवे सरांचा चेहराही फुलला होता.

"तू ऐकलंस ते बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी होती. मी तुझं ऐकलं नाही, कारण तू मुलगा होतास आणि मला ऐंशी ऐकायची सवय झाली होती."

"जाऊ द्या, मॅडम."

"जाऊ कसं देऊ? पण मी ग्रिपही मागितल्या होत्या. आता खरं सांग. तिच्या पोटाला हात लावलास?"

"नाही."

"का?"

"तिच्या आईनं लावू दिला नाही."

"आणि याआधी? इतकी वर्षं या वॉर्डात होतास. बाईच्या पोटात बाळाचं डोकं कुठं आहे, हे तुझ्या हाताला एकदा तरी कळलंय?"

मी नारळाचं सांगितलं नाही. नुसती मान हलवली.

"मॅडम, आमच्याकडं मुलांचं जरा असंच असतं," बिडवे सर म्हणाले.

"मग नापास खरं तर तुमचं कॉलेज व्हायला पाहिजे, डॉक्टर बिडवे. ते माझ्या हातात नाही. याचा निकाल आहे." त्या माझ्याकडं वळल्या. "तू उद्या गावात दवाखाना टाकशील. तिथं एखादी अडलेली बाई येईल. तिथं कासलीवाल नसेल. काय करशील? नाडी धरून बसशील?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटलं. त्यांचं खरं होतं.

मी लॉन्ड्रीच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो. वाळत घातलेल्या हिरव्या चादरी समोर फडफडत होत्या. ऊन उतरलं. गाडी निघाली असेल, वाटेत असेल, वडील तिकिटं फाडता फाडता कुणाला तरी सांगत असतील. मला उठावंसं वाटेना आणि बसवेनाही. किती वेळ झाला कळलं नाही. मग रेखा आली आणि चादरींच्या पलीकडंच थांबली.

"सकाळी मी ऐकले तेव्हा एकशेचाळीसच होते," ती म्हणाली.

"माहीत आहे. तेव्हा ती नुकतीच आडवी झाली होती."

"चल. गया बोलावते आहे तुला."

"मला कशाला?"

"मला काय माहीत. तिची आई मला म्हणाली, त्या नापास डाक्टरला आना."

गयाच्या खाटेभोवती पडदे ओढलेले होते. ती बरी दिसत होती. उजव्या अंगाला उशी देऊन तिला जराशी डावीकडं कलती ठेवली होती. तिची आई पडद्याची दोन टोकं मुठीत धरून आमच्याकडं पाठ करून उभी होती.

"तुमाला पोट बघाया येत न्हाई, म्हून नापास केलं म्हनं," गया म्हणाली.

"हो."

"कोनी बघू दिलं न्हाई, म्हून येत न्हाई." तिनं चादर आपल्या हातानं खाली सारली. "बघा."

मी तिच्या आईकडं बघितलं. "मावशी?"

"मला काय इचारता?" ती मान न वळवता म्हणाली. "मी पडदा धरलाय. जावयानं इचारलं तर मला काय दिसलंय, सांगाया?"

माझे हात गार होते. मी ते एकमेकांवर चोळले, मग पुन्हा चोळले. रेखा शेजारी उभी राहून हलक्या आवाजात सांगत होती. तिच्या पायांकडं तोंड कर. दोन्ही हात ओटीपोटावर. दाबू नकोस, बोटं आपोआप जाऊ देत. घाई करू नकोस. माझी बोटं थरथरत होती, पण गया रडली नाही. उलट तिनं श्वास सोडला आणि पोट सैल केलं.

नारळासारखं ते मुळीच नव्हतं. नारळ जिथल्या तिथं पडून असतो. हे गोल, टणक, माझ्या बोटांना लागलं, आणि लागल्याबरोबर हळूच बाजूला सरकलं.

"घावलं?" गयानं विचारलं.

"घावलं," मी म्हणालो.

हात धुऊन मी स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती, उतारू उतरून गेले होते, आणि वडील दारातच उभे होते.

"काय रं, डाक्टर?"

"नापास," मी सांगितलं. "पण आता येतं मला."